ईरी लेकमध्ये गळ टाकणारं कुणी आहे का? (वॉलआय, पर्च, बास वगैरे)

कृष्णाकाठ | १४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडोजवळ पेरिसबर्गमध्ये राहायला येऊन आठ महिने झाले. घरापासून दहा मिनिटांवर ईरी लेकला मिळणारी मॉमी नदी. हिवाळाभर तिथे चिटपाखरू नव्हतं. परवा ऑफिसातून येताना पुलावरून खाली पाहिलं तर कमरेएवढ्या पाण्यात शे-दीडशे माणसं रांग धरून उभी! बाहेर थंडी म्हणजे कान गळून पडतील अशी. आधी वाटलं कुणीतरी बुडालंय, शोध चाललाय. मग दिसलं, प्रत्येकाच्या हातात रॉड.

मी भिलवडीचा. शाळा सुटली की दप्तर घाटाच्या पायरीवर आणि गळ कृष्णेत. बांबूची काठी, बुचाचा तुकडा, गांडूळ, संपलं. मरळ लागली तर दिवाळी, वाम लागली तर निम्मी दिवाळी, कारण आई वाम घरात घेऊ द्यायची नाही, साप म्हणायची. त्याला आता वीस वर्षं झाली. पुलावरून ती रांग पाहिली आणि हात शिवशिवायला लागले.

तर जाणकारांनी सांगा: ईरी लेकमध्ये कोणते मासे गळाला लागतात आणि नेमके कुठे? बोट नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही न्यायचंय.

---

मालवणी_तडका | १४ मार्च, रात्री १०:०५

गोड्या पाण्यातलो मासो? तो खातत? 😄

न्यू जर्सीत ये, समुद्रावर जाऊया. चिखलाचा वास येणारे मासे पकडायला बर्फाच्या पाण्यात उभं राहणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

---

बंड्या_क्लीव्हलंड | १५ मार्च, सकाळी ६:५०

कृष्णाकाठ, प्रश्न उलटा विचारलात राव. 'कुठे' नंतर. आधी 'कोणत्या महिन्यात' ते विचारा. सतरा वर्षं या तळ्यावर घालवलीत, त्यातली पहिली तीन फक्त 'कुठे' विचारण्यात वाया गेली. मेमध्ये एकाने दाखवलेल्या जागी ऑगस्टात जाऊन बसायचो आणि त्याला शिव्या घालायचो.

ईरी म्हणजे एका ताटातल्या तीन वाट्या समजा. टोलेडोपासून सँडस्कीपर्यंतची पश्चिमेची वाटी अगदी उथळ, सरासरी साडेसात मीटर. आमच्या क्लीव्हलंडसमोरची मधली सरासरी १८ मीटर. पेनसिल्व्हेनियातलं ईरी गाव ओलांडलं की पुढे बफेलोपर्यंत पूर्वेची, ती ६४ मीटरपर्यंत खोल जाते. एकूण लांबी ३८८ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून सोलापूर गाठाल जवळजवळ. उथळ वाटी आधी तापते, आधी थंड होते. माशाला ते आपल्याआधी कळतं.

आता वॉलआय. इथला राजा तोच. मी नगरकडचा, आमच्या भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि पावसाआधी परत येतात ना, तसं याचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालायला पश्चिमेला: काही मॉमी आणि सँडस्की नद्यांत चढतात, बाकीचे पोर्ट क्लिंटनसमोरच्या खडकांच्या रांगांवर. तुम्ही पुलावरून पाहिलीत ती त्यांच्याच स्वागताची रांग. मेमध्ये अंडी घालून दमलेला मासा बेटांच्या आसपास खात सुटतो. जूनअखेरपासून मोठे मासे थंड पाण्याच्या शोधात पूर्वेला सरकतात. जुलै-ऑगस्टात ते माझ्या दारात, क्लीव्हलंडपासून जिनीवा, ॲश्टाब्युलापर्यंत. तेव्हा बोटीमागे चमचे ओढत फिरायचं. (चमचा म्हणजे पत्र्याचं चमकणारं आमिष. जेवायचा नव्हे. आमच्या सौंनी पहिल्यांदा मला स्वयंपाकघरातला डबा काढून दिला होता.) ऑक्टोबर संपता संपता सगळी वरात परत पश्चिमेकडे.

बोट नसलेल्यांसाठी दोनच मोके. एक आत्ताचा, नदीतला. दुसरा नोव्हेंबरातला, रात्रीचा. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा मागे चकाकणारा थर असतो, टॉर्च मारला की काचेच्या गोटीसारखा पेटतो. अंधारात त्याला दिसतं, त्याच्या भक्ष्याला नाही. म्हणून थंडी पडली की अंधार झाल्यावर तो लहान मासे हुसकत अगदी किनाऱ्याच्या दगडांपर्यंत येतो. ह्युरनचा धक्का, लोरेन, क्लीव्हलंडचा एजवॉटर. लांबट, संथ पोहणारं नकली मासोळीचं आमिष टाकायचं आणि जमेल तितकं हळू ओढायचं. बोटं बधिर होतात. वर्षातला सगळ्यात मोठा मासा मात्र तेव्हाच लागतो.

बाकीच्यांचं थोडक्यात, ऑफिसला निघायचंय. यलो पर्च: वीतभर, अंगावर उभे पट्टे, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, तळाला जिवंत शायनर मासोळी लावून. मुलीला न्यायचं तर हाच मासा. स्मॉलमाउथ बास: मे-जून, केलीज आणि साउथ बास बेटांभोवतीचे खडक. खायला नाही, झुंजायला. स्टीलहेड: ऑक्टोबर ते एप्रिल, नद्यांमध्ये. रॉकी, शग्रिन, ग्रँड, कॉनिऑट. त्यावर नंतर लिहितो. ढोमा... तो येईलच तुमच्या गळाला, न बोलावता.

---

कृष्णाकाठ | १५ मार्च, दुपारी १२:३०

बंड्याभाऊ, दंडवत. मोबाइलवर टाइप केलंत हे सगळं?

नदीत उतरायचं तर काय काय लागेल? परवाना लागतोच ना?

---

बंड्या_क्लीव्हलंड | १५ मार्च, रात्री ८:१५

परवाना लागतोच, ऑनलाइन पाच मिनिटांत मिळतो. एक दिवसाचाही असतो. सोळा वर्षांखालच्यांना लागत नाही, म्हणजे कन्या मोकळी.

वेडर्स घ्या, छातीपर्यंतची रबरी विजार. कमरेला पट्टा घट्ट बांधायचा, पडलात तर आत पाणी भरून उठणं अवघड होतं. दोरीला शिशाचा गोळा, त्यापुढे हातभर बारीक दोरी, त्यावर एकच गळ आणि मऊ रबरी शेपटी. एकच गळ, तोही लहान, हा नियम आहे.

आणि हे ध्यानात ठेवा: १ मार्च ते १ मे मॉमीच्या त्या पट्ट्यात सूर्योदय ते सूर्यास्तच परवानगी. मासा तोंडातच अडकलेला हवा. पाठीत, शेपटीत अडकला तर परत सोडायचा. पाण्यात मासा इतका दाट असतो की हे होणारच, आणि वॉर्डन (मासेमारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा सरकारी माणूस) काठावर दुर्बीण लावून बसलेला असतो. किमान लांबी १५ इंच, दिवसाला ६. पण दर वर्षी नवी नियमावली बघायची, मी सांगतो म्हणून जायचं नाही.

जागा म्हणाल तर तुमच्या काठाला ऑर्लीन्स पार्क आणि बटनवुड, पलीकडे साइड कट आणि ब्लूग्रास बेट. पाणी फार चढलेलं असेल त्या दिवशी पुलावरूनच बघा.

---

शंकेखोर | १६ मार्च, सकाळी ११:२०

क्लीव्हलंडलाच माशांच्या पोटात शिसं भरून स्पर्धा जिंकायला निघाले होते ना कुणी? तो हाच मासा का?

आणि एक बाळबोध प्रश्न. बास 'खायला नाही, झुंजायला' म्हणजे काय? ज्याला खायचं नाही त्याच्या तोंडात आकडा घालायचा, दमवायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचं. खाणाऱ्याचं मी समजू शकतो. याला काय म्हणायचं?

---

बंड्या_क्लीव्हलंड | १६ मार्च, रात्री ९:००

हाच. सप्टेंबर २०२२. पाच मासे काट्यावर ३४ पौंड भरले, दिसत होते फार तर वीसचे. आयोजकाने तिथल्या तिथे पोट फाडलं तर शिशाचे दहा गोळे आणि दुसऱ्याच वॉलआयच्या मांसाच्या फाकी. जवळपास २९ हजार डॉलरचं बक्षीस होतं. ते मासे आणणाऱ्या दोघांनी पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला, दहा-दहा दिवस तुरुंगात काढले. आठवडाभर ऑफिसात जो तो मला विचारायचा, 'तू तर नव्हतास?'

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी स्वतः बास धरतो आणि सोडतो. मेमध्ये नर घरट्यावर राखण करत असतो, तेव्हा त्याला उचलला तर दोन मिनिटांत गोबी येऊन अंडी फस्त करतात. म्हणून तेव्हा मी घरट्यांच्या वाटेला जात नाही. एवढंच माझं पुण्य.

---

अनुराधा_विंडसर | १७ मार्च, सकाळी ७:३०

गोबी म्हणजे ते बेडकासारख्या तोंडाचे ना? आमच्या किनाऱ्यावर दगड उचलला की खाली तेच. काळ्या समुद्राकडचा मासा, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून १९९० च्या सुमारास इथे पोचला. त्याच्या दोन वर्षं आधी तसेच झेब्रा शिंपले आले. त्यांनी पाणी गाळून इतकं नितळ केलं की लोक खूश झाले. मग पायाला चिरा पडायला लागल्या. माझ्या धाकट्याला तीन टाके.

मी कॅनडाच्या बाजूला. आमच्याकडे वॉलआय म्हटलं तर दुकानदार बघत राहतो, इथे त्याला पिकरल म्हणतात. आणि आम्हाला थंडीत उभं राहावं लागत नाही हो! ओंटारियोत जाळ्याने धंद्याची मासेमारी चालते, व्हीटलीच्या बंदरातून ताजा माल येतो. ओहायोत वॉलआय फक्त गळवाल्यांसाठी राखलेला. कुणी किती काढायचे ते चार राज्यं आणि आमचा प्रांत दर वर्षी एकत्र बसून ठरवतात.

मालवणी_तडका, चिखलाचा वास वॉलआयला येत नाही. येतो तो कार्पला. मी रत्नागिरीची, सुरमई-पापलेटावर वाढलेली, तेव्हा माझं ऐका. पांढरंशुभ्र मांस, पाकळ्या सुटणाऱ्या, काटा जवळजवळ नाहीच. पर्च तर मुडदुशीइतका नाजूक. माझी पद्धत: तुकड्यांना हळद, मीठ, आगळ लावून दहा मिनिटं, जास्त नाही, मांस मऊ आहे. मग आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण. तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवायचं. पर्चला एका बाजूने दीड मिनिट पुरे. मालवणी मसाला टाकाल तर मासा हरवेल. आणि वॉलआयचे गाल फेकू नका, रुपयाएवढे दोन तुकडे निघतात, ते करणाऱ्याने उभ्या उभ्या खायचे.

फक्त फार मोठा मासा घरी आणू नये. जितका म्हातारा तितका अंगात पारा जास्त. लहान मुलं नि गरोदर बायकांसाठी सरकारी सल्ला असतो, तो वाचावा.

---

मालवणी_तडका | १७ मार्च, सकाळी ८:१०

'मासा हरवेल' 😂 रत्नागिरीकर आणि मालवणी मसाला, हे भांडण वेगळ्या धाग्यावर घेऊया अनुराधाताई.

---

वळवणकर | १८ मार्च, रात्री ११:४५

शंकेखोर यांच्या प्रश्नावरून लिहितो. मी लोणावळ्याचा. आमच्या वळवण तलावाच्या काठी टाटांचं महाशीर पैदास केंद्र आहे, १९७०च्या दशकापासून. महाशीर म्हणजे आपला खडशी मासा. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि शास्त्रीय नावात 'खुद्री' हे गावठी नावच ठेवलं. आज त्या मुळा-मुठेत काय मिळतं ते पुणेकरांनी सांगावं.

धरणं झाली, मासा वर चढेना, अंडी घालायला वाळू-खडीचा झरा मिळेना. तेव्हा मादीच्या पोटावरून हळू हात फिरवून अंडी काढायची, नराचं बीज मिसळायचं, पिल्लं वाढवून सोडायची, हे काम इथे सुरू झालं. लहानपणी पाहिलंय. अंडी केशरी-पिवळी, मोत्यांसारखी, आणि मोजकी. कटला-रोहूसारखी लाखांनी नाहीत.

आता गंमत बघा. ही पिल्लं देशभर गेली. २०१८ मध्ये या माशाचं नाव धोक्यातल्या यादीतून निघालं. पण त्याच सुमारास कावेरीतला मूळचा कुबड्या महाशीर अतिसंकटग्रस्त ठरला, आणि त्याच्या कारणांत एक असं सांगतात की आपला निळ्या परांचा महाशीर तिथे सोडला आणि तोच माजला. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

गळवाले आणि 'धरून सोडा'वाले नसते तर कावेरीच्या त्या कुबड्याची नोंद ठेवायलाही कुणी नसतं, हेही खरं. जुने फोटो, जुनी वजनं त्यांच्याच वह्यांत सापडली.

---

शंकेखोर | १९ मार्च, सकाळी १०:००

वळवणकर, उत्तम प्रतिसाद. माझी शंका फिटली नाही, पण जरा अडचणीत आली.

---

बंड्या_क्लीव्हलंड | १९ मार्च, रात्री ९:३०

वळवणकरांच्या सोडलेल्या माशावरून स्टीलहेड आठवला. तो पॅसिफिक किनाऱ्याचा ट्राउट, इथला नव्हेच. ओहायो दर वर्षी चार लाखांवर पिल्लं नद्यांत सोडतं, ती तळ्यात जाऊन दोन-तीन वर्षांत हातभर होऊन परत येतात. इथे त्यांची अंडी जगणं कठीण, उन्हाळ्यात नद्या तापतात. म्हणजे सोडणं थांबलं की खेळ खलास. तरीही जानेवारीत रॉकी नदीत, पुलावरून विमानतळाची गाडी जात असताना, आठ पौंडांचा स्टीलहेड पाण्याबाहेर उडी मारतो तेव्हा तो कुठला हे विचारायचं सुचत नाही.

या तळ्याचा स्वतःचा एक मासा होता. ब्लू पाइक. वॉलआयचा निळसर भाऊ, फक्त ईरी, शेजारचं ओंटारियो तळं आणि मधली नायगारा नदी एवढ्याच पाण्यातला. टनांनी निघायचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीला जाळी एकदम रिकामी यायला लागली. १९८३ मध्ये सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. आमच्या धक्क्यावर एक आजोबा होते, ते लहानपणी खाल्लेल्या ब्लू पाइकबद्दल बोलायचे. चव कशी होती विचारलं की म्हणायचे, 'शुक्रवारसारखी.'

---

कृष्णाकाठ | ९ एप्रिल, रात्री १०:५०

वृत्तांत.

पहिला दिवस: वेडर्स स्वस्तातले घेतले. डाव्या गुडघ्याला शिवण उसवलेली, पंधरा मिनिटांत मोजा भिजला. त्यात खाली खडक. शिसं अडकायचं, दोरी तुटायची. सकाळी सात ते अकरा, चौदा गळ आणि चौदा शिसं नदीला अर्पण. मासा शून्य. कृष्णेत वर्षाला दोन गळ गेले तरी मी रडायचो.

दुसरा दिवस: एक लागला! ओढत आणला तर शेपटीत अडकलेला. काठाकडे बघितलं, सोडला.

तिसऱ्या दिवशी शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते. अर्धा तास माझ्याकडे बघून म्हणाले, तू मासा शोधतोयस, आधी तळ शोध. मग त्यांनी माझ्या रॉडवर स्वतःचं बोट ठेवून दाखवलं. प्रवाहाला जरा वरच्या अंगाला टाकायचं, दोरी ताठ ठेवायची, आणि शिसं दगडांवरून चालताना मोजायचं. ठक. ठक. ठक. अडकत असेल तर शिसं जड आहे, ठक लागतच नसेल तर हलकं. मासा ओढत वगैरे नाही. फक्त पुढचा ठक येत नाही. ठक, ठक, आणि मग काहीच नाही, जसं कुणी जिना चढताना मध्येच थांबावं. तिथे मनगट उचलायचं.

दहा वाजून वीस मिनिटांनी पुढचा ठक आला नाही.

सोळा इंचांचा नर. सोनेरी-हिरवट, डोळे पांढुरके, आंधळ्यासारखे. तोंडात बोट घालायच्या आधी आजोबांनी हात धरला म्हणून बरं, दात सुईसारखे आहेत. दुपारपर्यंत तीन झाले. अनुराधाताईंच्या पद्धतीने केले. गाल मीच खाल्ले, उभ्याने.

---

अनुराधा_विंडसर | १० एप्रिल, सकाळी ७:१५

शाब्बास! शिवणीला रबराचं सोल्यूशन लावा, सायकलच्या ट्यूबचं चालतं.

---

बंड्या_क्लीव्हलंड | १० एप्रिल, सकाळी ७:४०

चौदा शिसं म्हणजे काहीच नाही. माझा पहिला दिवस बावीस.

मे महिन्यात त्याच नदीत व्हाइट बास येतात. लहान, पण भांडकुदळ, आणि तासाला वीस लागतात. कन्येला तेव्हा काठावरून बसवा. खायचे असतील तर बाजूची लाल पट्टी काढून टाका.

---

कृष्णाकाठ | २० जून, रात्री ११:१०

पोर्ट क्लिंटनला गेलो होतो. बंड्याभाऊ, हे काय प्रकरण आहे? संध्याकाळी दिव्यांखाली किड्यांचा थर. चालताना पायाखाली भाजलेले पापड मोडल्यासारखा आवाज. पोरगी आधी किंचाळली, मग अंगावर सात किडे घेऊन फिरत होती. पेट्रोल पंपवाला फावड्याने लोटत होता.

---

बंड्या_क्लीव्हलंड | २१ जून, सकाळी ६:३०

मेफ्लाय. चावत नाहीत, त्यांना चालतं तोंडच नसतं. तळाच्या चिखलात दोन वर्षं अळी म्हणून राहतात, एका रात्री उडतात, दोन दिवसांत मरतात. थवा इतका मोठा की हवामानाच्या रडारवर ढगासारखा दिसतो.

त्यांचा कंटाळा करू नका. १९५३ मध्ये पश्चिमेच्या वाटीतला तळाचा प्राणवायू संपला आणि हे एका उन्हाळ्यात गेले. मग जवळपास चाळीस वर्षं दिसले नाहीत. १९६९ मध्ये पाण्यावरच्या तेलकट घाणीने आमची कायहोगा नदी पेटली तेव्हा वर्तमानपत्रं 'ईरी मेलं' म्हणायची. पुढे कायदे झाले, सांडपाणी आटोक्यात आलं. नव्वदीच्या सुरुवातीला हे किडे परत आले तेव्हा म्हातारे कोळी दारात उभे राहून हसत होते म्हणे. आता वॉलआय अळ्या खाऊन तट्ट असतो, तुमच्या आमिषाकडे ढुंकून बघणार नाही. आठवडाभर थांबा.

---

अनुराधा_विंडसर | १८ ऑगस्ट, दुपारी ४:००

धागा वर काढतेय. पश्चिमेला हिरवी साय धरलीय, कुत्रा, मूल, कुणालाही त्यात उतरू देऊ नका. शेतांतलं खत मॉमीतून वाहून येतं, ऊन मिळालं की शेवाळं फुगतं, त्यात विष असतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये टोलेडोतल्या चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी तोंडात घालू नका म्हणून सांगितलं होतं. उकळूनही चालत नव्हतं. माझी मावसबहीण तेव्हा तिथे होती, आम्ही सीमा ओलांडून पाण्याचे कॅन नेले.

---

कृष्णाकाठ | १९ ऑगस्ट, सकाळी ९:००

धन्यवाद ताई. इथे कसा वास येतोय ते सांगायला नको.

सप्टेंबरात बोटीवर पर्चला जायचा विचार आहे. दहा-वीस माणसांना नेणारी बोट असते ना, तसली. हवामानाचं काय बघायचं?

---

बंड्या_क्लीव्हलंड | १९ ऑगस्ट, रात्री ८:५०

वारा. बाकी सगळं नंतर. तळं उथळ असल्यामुळे लाटा उंच नसतात पण एकावर एक येतात, समुद्रासारखी मध्ये उसंत नाही. पश्चिमेचा वारा जोरात सुटला तर टोलेडोचं पाणी सरळ बफेलोकडे ढकललं जातं, इकडे धक्क्याला बांधलेल्या बोटी चिखलात बसतात. कप्तान 'नाही' म्हणाला तर वाद घालायचा नाही.

हिवाळ्यात बर्फावर बसून मासेमारी करायला कुणी बोलावलं तरी पहिल्या वर्षी जाऊ नका. फेब्रुवारी २००९ मध्ये वाऱ्याने बर्फाची लादी किनाऱ्यापासून तुटली, १३४ माणसं तिच्यावर अडकली, हेलिकॉप्टरने काढावी लागली. एकजण गेला.

---

कृष्णाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

जाऊन आलो. पोर्ट क्लिंटनहून सकाळी सातला बोट, बेटांच्या पलीकडे तीस फूट पाणी. दोरीच्या टोकाला शिसं, वर तारेचे दोन हात आणि प्रत्येकाला एक गळ. शायनर शेपटीकडून लावायची. शिसं तळाला टेकलं की दोन गिरक्या वर. पर्चचा चावा म्हणजे कुणी दारावर नखाने टकटक करावी तसा. पोरगीने पहिल्या तासात नऊ काढले, मी पाच.

मग तिचा रॉड वाकला. अर्ध्या बोटीचे लोक जमा. दहा मिनिटं तिने कुणाला हात लावू दिला नाही. वर आला तो करड्या रंगाचा, पाठीला कुबड, आणि चक्क गुरगुरत होता! घशातून घुर्र घुर्र. खलाशी म्हणाला, शीपहेड, आणि सगळे पांगले.

गळ पार पोटात गेला होता, मासा जगणार नव्हता. खलाशाने पोरगीचा चेहरा बघितला, सुरीने डोक्यात एक काप दिला आणि तिच्या तळहातावर दोन दगड ठेवले. हस्तिदंतासारखे पांढरे, हरभऱ्याएवढे, एका बाजूला वाकडी खूण कोरल्यासारखी. इथले लोक नशिबाचा दगड म्हणून खिशात ठेवतात.

---

मालवणी_तडका | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४५

अरे थांब थांब. गुरगुरतो, डोक्यात दगड, पाठीला कुबड? अरे तो ढोमा! घोळीच्या डोक्यातसुद्धा असेच दगड असतात. माझ्या आजीच्या फडताळात वाटीभर होते. गोड्या पाण्यात कसो गेलो हो?

---

बंड्या_क्लीव्हलंड | ५ ऑक्टोबर, रात्री १०:००

त्याच घराण्यातला आहे. घोळ, ढोमे सगळे खारे, हा एकटा इकडच्या नद्या-तळ्यांत स्थायिक झाला. मी १५ मार्चलाच लिहिलं होतं, ढोमा न बोलावता येईल म्हणून. तुम्ही वाचलं नाहीत.

---

मालवणी_तडका | ५ ऑक्टोबर, रात्री १०:०४

वाचलंय, मला वाटलं थट्टा. लोकांनी फेकून दिलो तो? आमटी करायची होतीस रे!!

---

कृष्णाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

पुढच्या वेळी नक्की.

एक दगड तिच्या कंपासपेटीत गेलाय. दुसरा भिलवडीला आजोबांना पाठवायचा हट्ट धरलाय. पार्सलच्या फॉर्मवर 'वस्तूचे वर्णन' असा रकाना आहे. काय लिहू?

---

शंकेखोर | ५ ऑक्टोबर, रात्री १०:४१

'दगड, १ नग.'